‘पर्यंत’ म्हणजे बाय की टिल? ‘विल बी’नंतरचं प्रिपोझिशन कसं निवडायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी काही वर्षं कारकुनी केली. इंग्रजी पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण अख्ख्या फॅक्टरीत बी.ए. झालेला मी एकटाच. एका जानेवारीत कोइमतूरच्या गिरणीला कळवायचं होतं की शंभर गाठी २० जानेवारीपर्यंत पाठवल्या जातील. मी झोकात लिहिलं, ‘हंड्रेड बेल्स विल बी डिस्पॅच्ड टिल ट्वेंटिएथ जॅन्युअरी.’ पत्र पोचलं त्या दिवसापासून तिकडून रोज फोन. आजचा माल कुठे आहे? आज किती गाठी निघाल्या? त्यांनी वाचलं ते असं, की गाठी निघणं सुरू झालेलं आहे आणि २० तारखेपर्यंत ते चालूच राहणार आहे. इकडे आमची रुई अजून प्रेसमध्येसुद्धा गेली नव्हती.

शेटजींनी पत्राची नक्कल मागवली, कुणाला तरी दाखवून आले आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, “टिल नाई रे बाप्पा, बाय पाह्यजे होतं. एका शब्दापायी आठ दिवस झाले, फोनच उचलून रायलो मी!”

आता मी संध्याकाळी गावच्या वाचनालयात पोट्ट्यांना इंग्रजी शिकवतो. त्यांच्या वह्यांत दरवर्षी माझंच ते पत्र मला पुन्हा सापडतं. ‘विल बी’ लिहिता येतं, क्रियापदाचं तिसरं रूपही जमतं, आणि पुढे गाडी अडते: टू की फॉर, बाय की विथ, ऑन की ॲट? अशा अडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. आमच्याकडे मुलं आधी मोठ्याने म्हणून पाहतात आणि मग लिहितात. कानाला बसलं की हाताला बसतं.

आधी सांगाडा

‘विल बी’ आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप, एवढाच सांगाडा. ‘विल बी सेंट’ म्हणजे पाठवलं जाईल, ‘विल बी पेड’ म्हणजे दिले जातील, ‘विल बी वेड’ म्हणजे मोजलं जाईल. हे ‘वेड’ काट्यावरचं, डोक्यातलं नव्हे. कर्म एक असो की अनेक, ‘विल बी’ बदलत नाही, त्यामुळे इथे चुकायला फारशी जागा नाही. फक्त ‘विल बी सेंड’ लिहू नका आणि घाईत ‘बी’ गिळू नका.

सरकारी आणि कायद्याच्या कागदांत ‘विल बी’च्या जागी ‘शॅल बी’ दिसेल. आमच्या वाचनालयात संविधानाची इंग्रजी प्रत आहे. शिकवायला मी त्यातलं कलम २१ घेतो: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणालाही त्याच्या जीविताला किंवा स्वातंत्र्याला मुकावं लागणार नाही. मुलांना हे वाक्य माझ्याशिवाय करायला सांगितलं की दहातली सात-आठ मुलं ‘डिप्राइव्ड फ्रॉम’ लिहितात. का? आपण ‘जीवितापासून वंचित’ म्हणतो, आणि ‘पासून’ म्हणजे फ्रॉम हे पाचवीपासून पाठ आहे. इंग्रजीत मात्र ‘डिप्राइव्ह’ला ऑफच लागतं. काल वंचित केलं, आज करतात, उद्या केलं जाईल, तिन्ही काळांत ऑफ.

सगळा मुद्दा इथेच आहे. ‘फ्युचर पॅसिव्हनंतर अमुक प्रिपोझिशन येतं’ असा नियम शोधत बसू नका, तो नाहीच. प्रिपोझिशनची सोयरीक ‘विल बी’शी नसते. ती तिसऱ्या रूपाशी असते, किंवा पुढे येणाऱ्या नामाशी. ‘विल बी’ हे मधलं फाटक आहे, त्यातून बंडी गेली काय आणि ट्रॅक्टर गेला काय, फाटक तेच राहतं.

वाक्य सुलटं करून पाहा

अडलात तर पहिला उपाय हा. करणाऱ्याला पुढे आणा आणि साधं वाक्य करा. ‘शेजारी बैलांची देखभाल करील’ याचं ‘द नेबर विल लुक आफ्टर द बुलक्स.’ आता उलटवा: ‘द बुलक्स विल बी लुक्ड आफ्टर बाय द नेबर.’ साध्या वाक्यात क्रियापदाला चिकटलेलं आफ्टर उलटवल्यावरही जागचं हललं नाही. नवीन आलं ते फक्त बाय.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी हेच वाक्य फळ्यावर होतं. दुसऱ्या बाकावरची एक पोट्टी म्हणाली, “सर, आफ्टर बाय? दोन दोन प्रिपोझिशन असे खेटून कसे काय?” शंका रास्त होती. तिने वहीत आफ्टर खोडून ‘लुक्ड बाय’ केलं होतं. मी सांगितलं, दोघांचे धनी वेगळे. आफ्टर क्रियापदाचं, बाय शेजाऱ्याचं. एका बंडीला दोन मालकांचे बैल जुंपले म्हणून बंडी अडत नाही. आफ्टर काढून टाकलं तर अर्थच उडतो. ‘लुक’ म्हणजे पाहणं, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं.

तसंच ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणं: ‘युअर कम्प्लेंट विल बी लुक्ड इंटू.’ इथे वाक्य इंटूवरच संपतं आणि ते बरोबर आहे. शेवटी प्रिपोझिशन लोंबकळतंय म्हणून घाबरू नका. या वाक्याबद्दल पुढे आणखी बोलायचं आहे.

हीच कसोटी नको असलेलं प्रिपोझिशनही पकडते. ‘पाण्याच्या प्रश्नावर ग्रामसभेत चर्चा केली जाईल’ याचं पोरं ‘विल बी डिस्कस्ड अबाउट’ करतात. सुलटं करा: ‘वुई विल डिस्कस द प्रॉब्लेम.’ तिथे अबाउट नव्हतं, मग उलटवताना कुठून आलं? ‘द वॉटर प्रॉब्लेम विल बी डिस्कस्ड इन द ग्रामसभा’, संपलं.

आता ज्याला शिकायचं आहे त्याने एक सवय लावून घ्यावी. वहीत क्रियापद एकटं लिहू नका, शेपटीसकट लिहा. मी जिनिंगमध्ये होतो म्हणून मला तिथलीच उदाहरणं सुचतात. कापूस आत जातो, गाठ बाहेर येते, आणि प्रत्येक टप्प्याला क्रियापदाची शेपटी बदलते. सरकी रुईपासून वेगळी केली जाईल: ‘द सीड विल बी सेपरेटेड फ्रॉम द लिंट.’ रुई दाबून गाठी केल्या जातील: ‘द लिंट विल बी प्रेस्ड इंटू बेल्स.’ एक वस्तू दुसऱ्या रूपात गेली की इंटू येतं. गाठी पट्ट्यांनी बांधल्या जातील: ‘टाइड विथ स्ट्रॅप्स.’ ट्रकवर चढवल्या जातील: ‘लोडेड ऑन्टू द ट्रक.’ पण कर्म ट्रक असेल तर शेपटी फिरते: ‘द ट्रक विल बी लोडेड विथ बेल्स.’ एका गाठीचं वजन १७० किलो धरतात, म्हणून चढवणाऱ्या हमालाला ऑन्टू आणि विथचा फरक विचारायला जाऊ नका, तो भलतंच काही सांगेल.

घरातलं उदाहरण म्हणजे वावराची वाटणी. ‘वावर तीन भावांत वाटलं जाईल’ याचं ‘द फील्ड विल बी डिव्हायडेड अमंग द थ्री ब्रदर्स.’ ‘वावराचे तीन हिस्से केले जातील’ याचं ‘द फील्ड विल बी डिव्हायडेड इंटू थ्री पार्ट्स.’ माणसांत वाटलं तर अमंग, तुकड्यांत वाटलं तर इंटू. भाऊ दोनच असतील तर अमंगच्या जागी बिट्वीन.

‘ने’ म्हणजे नेहमी बाय नाही

पॅसिव्ह दिसला की बाय, अशी सवय आपल्याला शाळेत लागते. ‘रामाकडून रावण मारला गेला’ या वाक्यावर आपण मोठे झालो, त्यातल्या ‘कडून’ला बाय अगदी फिट बसतो. घोटाळा करतो तो आपला तृतीयेचा ‘ने’. मराठीत माणसाने, विळ्याने, बसने, रोखीने, भावाने, पावसाने, सगळीकडे एकच ‘ने’. इंग्रजी त्याला वेगवेगळ्या दारांनी आत घेते.

करणारा माणूस असेल तर बाय. निसर्गाची शक्ती असेल तरी बाय, कारण पाऊस आणि गारपीट कुणाच्या हातातली हत्यारं नाहीत, तेच करणारे: ‘द क्रॉप विल बी डॅमेज्ड बाय हेल.’ पण कुणीतरी हातात धरून वापरलेली वस्तू असेल तर विथ. ताडपत्रीने ढीग झाकला जाईल: ‘द हीप विल बी कव्हर्ड विथ अ टारपॉलिन.’ विळ्याने सोयाबीन कापलं जाईल: ‘विथ अ सिकल.’ स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू आपण होऊन काम करील का? विळा आपण होऊन वावरात जात नाही, म्हणून विथ.

मग हाताने? आपल्याकडचा कापूस हाताने वेचतात. हात आपण होऊन काम करीत नाही, तेव्हा विथ यायला हवं असं तुम्ही म्हणाल. पण इथे ठरलेला प्रयोग आहे: ‘द कॉटन विल बी पिक्ड बाय हँड.’ मध्ये अ किंवा द नाही. बाय बस, बाय पोस्ट, बाय चेक हे त्याच घराण्यातले. साधन सांगायचं असतं, विशिष्ट वस्तू नाही, म्हणून आर्टिकल गळून पडतं. ‘बाय अ बस’ लिहिलं की लिहिणारा नवखा आहे हे लगेच कळतं.

चेकने बाय, म्हणून रोखीने पण बाय? नाही. ‘द वेजेस विल बी पेड इन कॅश.’ का, ते मलाही पटवून सांगता येत नाही. चेक-पोस्ट एका पंगतीत आणि रोख दुसऱ्या पंगतीत, एवढं घोकून ठेवा. हप्त्यांनाही इन. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांनी मिळतात, तर ‘सिक्स थाउजंड रुपीज विल बी पेड इन थ्री इन्स्टॉलमेंट्स.’

भावाला ॲट. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने खरेदी केली जाईल, हे ‘विल बी परचेस्ड ॲट सेव्हन थाउजंड फाइव्ह हंड्रेड अँड ट्वेंटी-वन रुपीज अ क्विंटल.’ इथे बाय लिहिलेल्या वह्या मी ढिगाने तपासल्या आहेत. पण संत्री किलोने विकली जातील म्हटलं की ‘सोल्ड बाय द किलो’. माप आलं की बाय परत आला, या वेळी मात्र द घेऊन.

आणि एक उदाहरण मी दर खरिपात फळ्यावर लिहितोच. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशक नाका-तोंडातून जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कातडीतूनही जातं हे अनेकांना ठाऊक नसतं. ‘द पॉइझन विल बी ॲब्झॉर्ब्ड थ्रू द स्किन.’ ज्या वाटेने आत शिरतं ती वाट थ्रूने सांगायची. इथे बाय लिहिलं तर कातडीनेच ते ओढून घेतलं असा अर्थ होतो. तोही पुरता खोटा नाही, पण सांगायचं असतं ते वाटेबद्दल. हे वाक्य लिहून झालं की मी हातमोज्यांचं बोलतो आणि त्या दिवशीचा व्याकरणाचा तास बराचसा तिथेच संपतो.

‘पर्यंत’ आला की थांबा

माझ्या पत्राचा घोळ इथला. मराठीत ‘२० तारखेपर्यंत’ म्हटलं की ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं: या मुदतीच्या आत काम एकदा उरकून मोकळं होणार आहे, की मुदत संपेस्तोवर ते चालूच राहणार आहे? उरकणार असेल तर बाय. चालू राहणार असेल तर टिल किंवा अंटिल.

एकाच सूचनेत दोन्ही पाहा. ‘२८ फेब्रुवारीपर्यंत कापूस खरेदी केला जाईल’ म्हणजे रोज काटा चालू, रोज बंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत, आणि २८ तारखेला काटा बंद. ‘कॉटन विल बी परचेस्ड टिल ट्वेंटी-एट्थ फेब्रुवारी.’ ‘२८ फेब्रुवारीपर्यंत चुकारे केले जातील’ म्हणजे त्या तारखेच्या आत तुमचे पैसे एकदाचे खात्यात पडतील. ‘द पेमेंट विल बी मेड बाय ट्वेंटी-एट्थ फेब्रुवारी.’ तारीख तीच, पर्यंत तोच. पहिल्या वाक्यात बाय घातला तर खरेदी कधीतरी एकदाच होणार असं वाटेल, दुसऱ्यात टिल घातलं तर पैसे रोज थोडे थोडे पडत राहतील असं. दुसरी चूक खरी व्हावी असं आमच्यातल्या पुष्कळांना वाटेल.

मुलांना मी सांगतो, मनात ‘रोज’ हा शब्द घालून पाहा. ‘२८ तारखेपर्यंत रोज खरेदी केला जाईल’ हे कानाला बरं लागतं, तेव्हा टिल. ‘रोज निकाल लावला जाईल’ बरं लागत नाही, तेव्हा ‘द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड बाय मंडे.’ दहापैकी नऊ वेळा ही युक्ती चालते.

दहाव्या वेळी वाक्यात ‘नाही’ असतो. ‘सोमवारपर्यंत गोदाम उघडलं जाणार नाही.’ उघडणं एकदाचं काम, म्हणून मुलं बाय लिहितात. पण न उघडणं मात्र चालूच राहतं, बंद ते बंदच, थेट सोमवार उजाडेपर्यंत. ‘द गोडाउन विल नॉट बी ओपन्ड टिल मंडे.’

तारीख नसून दिवस मोजायचे असतील तर विदिन. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत माहिती द्यायची असते, आणि प्रश्न माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. ‘द इन्फर्मेशन विल बी प्रोव्हायडेड विदिन थर्टी डेज.’ इन थर्टी डेज म्हटलं तर बोलण्यात चालतं, पण त्यातून ‘तीस दिवसांनी’ असाही वास येतो, आणि अर्ज दाबून ठेवणाऱ्याला असे वास आवडतात. कागदावर विदिनच लिहा. विदिनच्या पुढे तारीख मात्र लिहू नका; ‘विदिन थर्टी-फर्स्ट मार्च’ हे इंग्रजी नव्हे.

जागेच्या आणि रकमेच्या ‘पर्यंत’ला अप टू. पुलापर्यंत रस्ता दुरुस्त केला जाईल: ‘अप टू द ब्रिज.’ पन्नास हजारांपर्यंत कर्ज दिलं जाईल: ‘अप टू फिफ्टी थाउजंड.’

एका वाक्यात दोन बाय आले तर? ‘द वर्क विल बी कम्प्लीटेड बाय द काँट्रॅक्टर बाय थर्टी-फर्स्ट मार्च.’ व्याकरणात खोट नाही. पहिला माणसाचा, दुसरा मुदतीचा. कानाला खटकत असेल तर तारीख वाक्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवा. आमच्याकडे त्या वाक्यात खटकण्यासारखं व्याकरणाखेरीजही बरंच असतं.

‘ला’: टू, की काहीच नाही

‘तुम्हाला पावती दिली जाईल.’ मराठी वाक्य ‘तुम्हाला’ने सुरू होतं म्हणून नवखा माणूस ‘टू यू’ने सुरुवात करतो आणि फसतो. दोन वाटा आहेत. माणूस पुढे आणला तर प्रिपोझिशन लागतच नाही: ‘यू विल बी गिव्हन अ रिसीट.’ वस्तू पुढे आणली तर टू: ‘अ रिसीट विल बी गिव्हन टू यू.’ बोलताना पहिली वाट जास्त वापरतात. पैशांचंही तसंच: ‘यू विल बी पेड टू थाउजंड रुपीज.’ यातला टू म्हणजे आकडा दोन, प्रिपोझिशन नव्हे. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी हसतं.

प्रोव्हाइड आणि सप्लाय ही क्रियापदं जरा नखरेल आहेत. माणूस पुढे आला तर वस्तूला विथ लागतं: ‘द फार्मर्स विल बी प्रोव्हायडेड विथ सीड.’ वस्तू पुढे आली तर माणसाला टू: ‘सीड विल बी प्रोव्हायडेड टू द फार्मर्स.’ बँकेच्या मेसेजमध्येही असाच खेळ असतो. रक्कम पुढे असेल तर ‘डेबिटेड फ्रॉम युअर अकाउंट’ किंवा ‘क्रेडिटेड टू युअर अकाउंट’. खातं पुढे असेल तर ‘युअर अकाउंट विल बी क्रेडिटेड विथ’ आणि मग रक्कम. फ्रॉम म्हणजे गेले, टू म्हणजे आले. एवढं समजलं तरी बँकेत जाऊन कुणाला विचारायची गरज उरत नाही.

वेळ, वार, महिना

हे सोपं आहे, थोडक्यात. घड्याळाला ॲट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. टुमॉरो, नेक्स्ट मंडे, धिस इयर यांना काहीही नाही. ‘विल बी हेल्ड ऑन टुमॉरो’ हे गावोगावच्या बॅनरवर दिसतं, तुम्ही लिहू नका.

वाक्य बांधताना: मराठी उलट वाचा

दोन-तीन प्रिपोझिशन एकत्र आली की कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्न येतो. इथे मराठीच मदतीला येते, फक्त आरशात पाहावी लागते. एक सूचना घेऊ:

‘सोमवारी सकाळी दहा वाजता पंचायतीच्या हॉलमध्ये कृषी अधिकाऱ्यांकडून शेतकऱ्यांना सोयाबीनचं बियाणं वाटलं जाईल.’

कर्म उचलून पुढे ठेवा: सोयाबीनचं बियाणं. त्याला सांगाडा जोडा: ‘सोयाबीन सीड विल बी डिस्ट्रिब्यूटेड.’ आता मराठी वाक्यात शेवटाकडून सुरुवातीकडे चालत या. पहिले भेटतात शेतकरी: ‘टू द फार्मर्स.’ मग अधिकारी: ‘बाय द ॲग्रिकल्चर ऑफिसर.’ मग हॉल: ‘इन द पंचायत हॉल.’ मग दहा वाजता: ‘ॲट टेन ए.एम.’ सगळ्यात शेवटी सोमवार: ‘ऑन मंडे.’ जोडून वाचा:

‘सोयाबीन सीड विल बी डिस्ट्रिब्यूटेड टू द फार्मर्स बाय द ॲग्रिकल्चर ऑफिसर इन द पंचायत हॉल ॲट टेन ए.एम. ऑन मंडे.’

आपण सोमवारपासून निघून बियाण्यापर्यंत येतो, इंग्रजी बियाण्यापासून निघून सोमवारपर्यंत जाते. आपली अव्ययं नामाच्या मागे चिकटतात, त्यांची नामाच्या पुढे उभी राहतात, तेव्हा रांगही उलटी असणं साहजिकच. हे प्रत्येक वाक्याला लागू पडेलच असं नाही, पण नोटिशी, अर्ज आणि निमंत्रणपत्रिका यांचं काम यावर धकतं.

बाय कधी गाळायचा

करणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असेल किंवा कुणाला पडलेलं नसेल, तर बाय सोडून द्या. ‘द व्होट्स विल बी काउंटेड ऑन थर्सडे’ पुरे. मोजणारे कर्मचारी असतात हे सांगावं लागत नाही. अर्जात ‘द फॉर्म विल बी फिल्ड बाय मी’ असंही नको. तिथे सरळ ‘आय विल फिल’ लिहा, पॅसिव्हची गरजच नाही.

पण समोरून आलेल्या कागदात बाय गाळलेला दिसला तर जरा सावध व्हा. ‘युअर कम्प्लेंट विल बी लुक्ड इंटू.’ कोण पाहणार? कधी पाहणार? बाय नाही, बायची तारीखही नाही. पांधण रस्त्याच्या तक्रारीवर एका कार्यालयातून मला असंच एक ओळीचं उत्तर आलं होतं. व्याकरण बिनचूक, इंटूसुद्धा जागेवर. मी उलट टपाली एवढंच विचारलं: ‘बाय हूम, अँड बाय व्हॉट डेट?’ पांधण दुरुस्त झाली नाही, पण तेव्हापासून हे दोन प्रश्न वर्गातल्या पोरांना मुखपाठ आहेत.

घरी करून पाहा

पाच वाक्यं देतो. उत्तरं लगेच पाहू नका.

तुरी पोत्यांत भरल्या जातील. तुम्हाला मुलाखतीला बोलावलं जाईल. दिवाळीपर्यंत विहीर खोदली जाईल. पाऊस थांबेपर्यंत फवारणी केली जाणार नाही. मजुरीतून उचल कापली जाईल.

उत्तरं अशी. ‘द तूर विल बी फिल्ड इंटू सॅक्स’. पोती पुढे आणली तर ‘द सॅक्स विल बी फिल्ड विथ तूर.’ ‘यू विल बी कॉल्ड फॉर ॲन इंटरव्ह्यू’. यात ‘ला’ला टूही नाही आणि रिकामी जागाही नाही, फॉर आहे, कारण इथला ‘ला’ हेतू सांगतो. ‘द वेल विल बी डग बाय दिवाली.’ ‘द स्प्रेइंग विल नॉट बी डन अंटिल द रेन स्टॉप्स’. अंटिलनंतर ‘विल स्टॉप’ लिहायचं नाही, भविष्याची गोष्ट असली तरी तिथे साधा वर्तमानकाळच येतो. ‘द ॲडव्हान्स विल बी डिडक्टेड फ्रॉम द वेजेस.’

पाचव्यावर मागच्या बाकावरच्या एका पोराने डिडक्टेड फ्रॉमच्या जागी ‘डिडक्टेड बाय’ लिहिलं होतं. मी चूक म्हणून गोल केला, तर तो म्हणाला, “सर, माह्या बापाचे तं मालकच कापते नं, म्हणून बाय लिवलं.” मग दोन्ही ठेवून वाक्य पुरं केलं: ‘द ॲडव्हान्स विल बी डिडक्टेड फ्रॉम द वेजेस बाय द ओनर.’ गोल खोडला आणि त्याला पूर्ण गुण दिले.